बहावा पावसाची तारीख सांगत नाही

एप्रिल उजाडला की मोबाइलवर तोच निरोप फिरू लागतो: बहावा फुलला, आता ४५ दिवसांत पाऊस! डहाणू लोकलमध्ये त्यावर तावातावानं चर्चाही होते. खरं तर हे भाकीत चुकणंच अवघड. मुंबईत मोसमी पाऊस पोचण्याची हवामान खात्याची सरासरी तारीख ११ जून. तिथून ४५ दिवस मागं मोजा, २७ एप्रिल येतो. आणि बहावा तर एप्रिल-मे दोन्ही महिने पुढेमागे फुलत असतो. एकाच रस्त्यावरच्या दोन झाडांत पंधरवड्याचं अंतर पडतं; मोजायचं कुठल्या झाडापासून? कधीकधी तर स्वारी भर पावसाळ्यातही थोडी फुलून घेते.

दुसरा घोळ रंगाचा. बोईसर-तारापूरकडे पिवळं दिसलं की तो बहावाच, असं ठरूनच गेलंय. त्यातले कितीतरी सोनमोहर असतात, मूळचे आग्नेय आशियाकडचे. सोनमोहराचे तुरे आभाळाकडे उभे, शेंगा चपट्या, तांबूस. बहाव्याचे घोस हातभर खाली लोंबतात आणि शेंग असते लाटण्यासारखी गोल, फक्त जास्त लांब. बहावा अस्सल इथला. मनोर-जव्हारच्या रानात तो कुणी न लावता उगवतो.

उन्हाळ्याच्या तोंडाला पानं झडली की लोकांना झाड वठल्यासारखं वाटतं. आमच्या शेजारच्या सोसायटीनं याच समजुतीवर एक उभा बहावा तोडला. नखानं सालीवर ओरखडा काढला असता, तर आतला हिरवा पापुद्रा दिसला असता.

पिकलेली काळी शेंग फोडून पाहा. आत आडवे पडदे, नाण्यांची चळत रचावी तसे. दर कप्प्यात काळा चिकट मगज आणि एक चपटी बी. हा मगज आयुर्वेदातला ‘आरग्वध’, रेचक म्हणून जुना आणि मान्य. पण झाडपाल्यानं काय अपाय होणार, म्हणून मुलांना चाटवणं धोक्याचं. मात्रा चुकली की पोटात मुरडा आणि जुलाब. तो वैद्याच्या सल्ल्यानंच घ्यावा.

शेंगवर्गातला म्हणून जमिनीत नत्र साठवतो, हेही खरं नाही. याच्या मुळांवर गाठी येत नाहीत.

‘बी पेरली, उगवलीच नाही,’ ही तक्रार मात्र नेहमीची. बी मेलेली नसते, कवच टणक असतं. पॉलिशपेपरवर एक कड घासा, रात्रभर पाण्यात ठेवा आणि फुगलेली बी तेवढी पेरा.