अल्डोस्टेरॉन-रेनिन गुणोत्तर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

तीन-तीन गोळ्या चालू असूनही बीपी उतरत नाही, तेव्हा घरात दोष मिठाला, ताणाला नाहीतर पथ्य न पाळणाऱ्या माणसाला दिला जातो. काही वेळा मात्र खरं कारण मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या छोट्या ॲड्रिनल ग्रंथींत असतं. या ग्रंथी गरज नसताना अल्डोस्टेरॉन हे हार्मोन बनवत राहतात. मग शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं आणि बीपी चढतं. मिशिगन विद्यापीठातल्या डॉ. जेरोम कॉन यांनी १९५५ मध्ये या आजाराचं वर्णन केलं. वैद्यकीय भाषेत त्याला प्रायमरी अल्डोस्टेरॉनिझम म्हणतात.

तो शोधण्याची पहिली चाचणी म्हणजे अल्डोस्टेरॉन-रेनिन गुणोत्तर, रिपोर्टावरचं ‘एआरआर’. रेनिन मूत्रपिंडात तयार होतं आणि अल्डोस्टेरॉन वाढवण्याचा निरोप त्याच्यापासून सुरू होतो. शरीरात मीठ-पाणी पुरेसं झालं की रेनिन घटतं आणि पाठोपाठ अल्डोस्टेरॉनही. या आजारात रेनिन जवळजवळ थांबलेलं असतं, तरी अल्डोस्टेरॉन चालूच राहतं. म्हणून अल्डोस्टेरॉनला रेनिनने भागलं की उत्तर मोठं येतं. गणित शाळेतलं असलं तरी त्याचा अर्थ लावताना बरीच गफलत होते.

गैरसमज १: हा आजार दुर्मीळ आहे, आणि पोटॅशियम नॉर्मल असेल तर तो नसतोच.

वस्तुस्थिती: उच्च रक्तदाबाच्या साधारण ५ ते १० टक्के रुग्णांत तो आढळतो, अनेक औषधांना दाद न देणाऱ्या बीपीत हे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत जातं. त्यातल्या बहुतेकांचं पोटॅशियम नॉर्मलच असतं. फक्त पोटॅशियम कमी असणाऱ्यांनाच तपासलं तर निम्म्याहून अधिक रुग्ण हातचे निसटतात. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांत उच्च रक्तदाब असलेल्या सर्वांचीच ही तपासणी सुचवली आहे.

गैरसमज २: गुणोत्तर ३० च्या वर गेलं म्हणजे आजार नक्की.

वस्तुस्थिती: दोन रिपोर्ट शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात अल्डोस्टेरॉन २४ आणि रेनिन ॲक्टिव्हिटी ०.४, म्हणून गुणोत्तर ६०. दुसऱ्यात अल्डोस्टेरॉन अवघं ५ आणि रेनिन ०.१, म्हणून गुणोत्तर ५०. दोन्ही आकडे मोठे आहेत, पण दुसऱ्या रुग्णाचं अल्डोस्टेरॉन मुळात वाढलेलंच नाही. छेद इतका लहान असला की उत्तर आपोआप फुगतं. त्याच रक्तात रेनिन ०.१ ऐवजी ०.२ मोजलं गेलं असतं, तर ५० चे २५ झाले असते. म्हणून गुणोत्तरासोबत रेनिन खरंच दबलेलं आहे ना आणि अल्डोस्टेरॉन पुरेसं वर आहे ना, हेही पाहिलं जातं. नेहमीच्या इम्युनोअसे पद्धतीत अल्डोस्टेरॉन किमान १० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर असावं, असा निकष वापरतात.

गैरसमज ३: रिपोर्ट कुठल्याही लॅबचा असो, मर्यादा एकच.

वस्तुस्थिती: रेनिन दोन तऱ्हांनी मोजतात. एक त्याची क्रियाशीलता, म्हणजे प्लाझ्मा रेनिन ॲक्टिव्हिटी. दुसरी त्याचं थेट प्रमाण, म्हणजे डायरेक्ट रेनिन. अल्डोस्टेरॉनचीही दोन एककं प्रचलित आहेत. समजा, अल्डोस्टेरॉन १८ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर आणि डायरेक्ट रेनिन ४ मिलियुनिट प्रति लिटर आहे. गुणोत्तर ४.५ आलं. हेच अल्डोस्टेरॉन पिकोमोलमध्ये सुमारे ५०० होतं, आणि गुणोत्तर १२५. रेनिनचं ढोबळमानाने ॲक्टिव्हिटीत रूपांतर केलं (८.२ ने भागून), तर गुणोत्तर ३७ च्या आसपास जातं. रक्त एकाच माणसाचं, आकडे तीन! ‘४.५ म्हणजे ३० च्या कितीतरी खाली’ असं समजून कुणी निर्धास्त झालं, तर आजार तसाच राहील. कारण या एककांत २.५ च्या वरचं गुणोत्तरच संशयास्पद धरलं जातं.

गैरसमज ४: आदल्या दिवसांत मीठ कमी करून सकाळी उपाशीपोटी रक्त दिलं, की तयारी झाली.

वस्तुस्थिती: उपाशी असणं ही या चाचणीची अट नाही, आणि मीठ तोडलं तर नुकसानच होतं. मीठ घटलं की रेनिन वाढतं, गुणोत्तर उतरतं आणि आजार झाकला जातो. जेवण नेहमीसारखंच ठेवावं. पोटॅशियम कमी असेल तर आधी ते भरून काढावं लागतं, कारण त्याच्या कमतरतेने अल्डोस्टेरॉन खाली येतं. सकाळी उठल्यावर किमान दोन तास हिंडून-फिरून, मग ५ ते १५ मिनिटं बसून रक्त देणं योग्य. नमुना बर्फात ठेवू नये. थंडीत निष्क्रिय प्रोरेनिन सक्रिय होऊन रेनिन खोटंच जास्त दिसू शकतं.

गैरसमज ५: बीपीच्या सगळ्या गोळ्या बंद केल्याशिवाय चाचणी निरर्थक.

वस्तुस्थिती: औषधांचा परिणाम होतो, पण तो कुठल्या दिशेने होतो हे ठाऊक असतं. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारखी बीटा ब्लॉकर औषधं रेनिन घटवतात, त्यामुळे गुणोत्तर खोटं वाढतं. दुखण्यावरच्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्याही तेच करतात. टेल्मिसार्टन, रामिप्रिल आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या रेनिन वाढवतात, त्यामुळे गुणोत्तर खोटं उतरतं. म्हणूनच टेल्मिसार्टन चालू असूनही रेनिन दबलेलं सापडलं, तर संशय अधिकच पक्का होतो. अनेकदा चालू औषधांवरच पहिली चाचणी करतात आणि निकाल संदिग्ध आला तर औषधं बदलून पुन्हा करतात. स्पायरोनोलॅक्टोन थांबवायचं ठरलं तर साधारण चार आठवडे लागतात. हा निर्णय डॉक्टरांचाच. मनाने गोळ्या सोडल्या तर बीपी उसळून पक्षाघातापर्यंत पाळी येऊ शकते.

खोकल्यासाठी किंवा काढ्यातून रोज ज्येष्ठमध घेत असाल तर तेही डॉक्टरांना जरूर सांगा. त्याच्या नियमित सेवनाने बीपी चढतं, पोटॅशियम उतरतं आणि रेनिन व अल्डोस्टेरॉन दोन्ही दबतात.

गैरसमज ६: गुणोत्तर वाढलं म्हणजे गाठ, आणि गाठ म्हणजे ऑपरेशन.

वस्तुस्थिती: गुणोत्तर फक्त संशयितांना वेगळं काढतं. पुढे बहुतेकांची खात्रीची चाचणी होते. उदाहरणार्थ, चार तासांत दोन लिटर सलाइन देऊन अल्डोस्टेरॉन खाली येतं का, ते पाहतात. मग सीटी स्कॅन. वाढत्या वयात ॲड्रिनलमध्ये निरुपद्रवी गाठीही दिसतात, म्हणून ऑपरेशनचा विचार असेल तर दोन्ही बाजूंच्या ॲड्रिनल शिरांतून रक्त घेऊन कुठली ग्रंथी जास्त हार्मोन सोडते ते ठरवतात. दोष एकाच बाजूला असेल तर दुर्बिणीतून ती ग्रंथी काढता येते; दोन्ही बाजूंना असेल तर स्पायरोनोलॅक्टोनसारखी गोळी उपयोगी पडते.

हा खटाटोप कशासाठी? कारण जादा अल्डोस्टेरॉन बीपी वाढवून थांबत नाही. बीपी तेवढंच असलेल्या इतर रुग्णांपेक्षा यांच्यात पक्षाघात, हृदयाची अनियमित लय आणि मूत्रपिंडाचं नुकसान अधिक दिसतं, आणि नेमकं निदान झालं तर त्यावर नेमका उपाय आहे. म्हणून रिपोर्ट हाती आला की एकट्या गुणोत्तरावर थांबू नका. अल्डोस्टेरॉन, रेनिन, दोन्हींची एककं, त्या दिवशीचं पोटॅशियम आणि चालू गोळ्यांची यादी एकत्र डॉक्टरांपुढे ठेवा. आणि ही चाचणी आजवर झालीच नसेल, तर बीपीची चौथी गोळी सुरू होण्याआधी तिच्याविषयी स्वतःहून विचारा.