पिकअपचा डाग

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात फिरलेल्या माणसाला मोटारीचं रिवाइंडिंग समजावून सांगावं लागत नाही. एनॅमल चढवलेली तांब्याची तार, मोजून घातलेले वेढे आणि शेवटी मीटर लावून केलेली खात्री. इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप याच जातकुळीतला. फरक एवढाच की इथली तार जेमतेम 0.063 मिलिमीटर जाडीची असते आणि एका कॉइलवर तिचे हजारो वेढे बसतात. मोटार विजेवर फिरते. पिकअपमध्ये पोलादी तार छेडली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि कॉइलमध्ये वीज उमटते. बाकी सगळं काम अँप्लिफायरचं.

रिकनबॅकर कंपनीची ‘फ्राइंग पॅन’ गिटार 1932 मध्ये बाजारात आली, तेव्हापासून हे तत्त्व बदललेलं नाही. पण एका कॉइलचा पिकअप घरातल्या विजेची 50 हर्ट्झची घरघरही पकडतो. त्यावर गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी 1955 मध्ये तोडगा काढला. शेजारी शेजारी दोन कॉइल, वेढ्यांची दिशा उलट आणि चुंबकांची ध्रुवताही उलट. घरघर एकमेकींत मरते, तारेचा सूर मात्र बेरजेने वाढतो. हाच हंबकर.

स्वस्त गिटारचा आवाज बोदा वाटला की पिकअप बदलतात. आधी जुन्या जोडणीचा फोटो काढायचा, तारा सैल करायच्या, मगच डाग द्यायची इस्त्री तापवायची. पॉटची, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या पोटेन्शिओमीटरची, पाठ पॉलिश पेपरने घासल्याशिवाय अर्थच्या वायरला डाग धरत नाही. टोक आधी तापवायचं, कथील नंतर द्यायचं. चकचकीत, पसरलेला डाग पक्का. खडबडीत गोळा दिसला तर तो कोरडा, आज ना उद्या खरखरणारच. इस्त्री फार वेळ टेकवून ठेवली तर पॉटच्या आतली पट्टी जळते.

रंगांवर विसंबणं सगळ्यात घातक. सीमोर डंकनच्या चार वायरींच्या हंबकरमध्ये काळी वायर सिग्नलची आणि लाल-पांढरी एकत्र जोडायची. डिमार्झिओमध्ये लाल सिग्नलची आणि काळी-पांढरी जोडायची. म्हणून कंपनीचा तक्ता वाचायचा आणि मीटरने ताडून पाहायचं. हंबकर साधारण 8 किलोओहम दाखवतो. मीटर लावलेलाच ठेवून पिकअपवर स्क्रूड्रायव्हर टेकवायचा आणि झटकन उचलायचा. आकडा क्षणभर वर जातो की खाली, ते पाहायचं. दोन पिकअपांचे आकडे विरुद्ध दिशेला गेले तर दोन्ही एकत्र वाजवल्यावर आवाज पातळ आणि पोकळ येतो. एका कॉइलच्या पिकअपला 250 किलोओहमचा पॉट, हंबकरला 500चा, ही रूढ जोडी. पॉट लहान घेतला की वरच्या पट्टीची चमक कमी होते. सरतेशेवटी ब्रिजची अर्थ वायर तपासायची. ती सुटलेली असेल तर तारांना हात लावूनही घरघर कमी होत नाही.

कोल्हापूरशेजारच्या मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढणाऱ्या हाताला केवढा मान आहे! मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथे कानस घोडीवर चालते, इथे इस्त्री पॉटवर. पण दोन्हीकडे सूर घडतो तो कान आणि हात एकत्र आल्यावर. गिटारच्या आत डाग देणाऱ्या तरुणाला आपण मेकॅनिक म्हणून मोकळे होतो. तो वाद्य घडवणाराच आहे. त्याला तसं म्हणावं, आणि त्याच्या कामाचे पैसेही त्या मानाने द्यावेत.