नेब्युलायझर बदलला की निकाल बदलतो?

आमच्या थोरल्या लेकीचा रात्रीचा खोकला थांबेना. साधी फुंकायची तपासणी नॉर्मल आली. अम्मींचं मात्र एकच, "हा दमाच आहे, बेटा." शेवटी डॉक्टरांनी मेथाकोलीन चाचणी सुचवली.

यात मेथाकोलीनची वाफ नेब्युलायझरमधून श्वासावाटे देतात, मात्रा पायरीपायरीने वाढवतात आणि प्रत्येक वेळी जोरात फुंकायला लावतात. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा २० टक्क्यांनी घटली की थांबतात. जितक्या थोड्या औषधावर ही घट येते, तितक्या श्वासनळ्या हळव्या.

पूर्वी निकाल द्रावणाच्या तीव्रतेवर देत. एका मिलिलिटरमध्ये १६ मिलिग्रॅमपर्यंत घट आली नाही, तर नॉर्मल. पण मेख इथेच आहे. कपात औषध किती तीव्र, यावरून छातीत किती गेलं ते कसं कळणार? जुना राइट नेब्युलायझर मिनिटाला ०.१३ मिलिलिटर फवारतो, नवे कितीतरी जास्त. मग धडधाकट पोरगीही दमेकरी ठरायची! शिवाय मोठे थेंब घशातच अडकतात. कप आधी-नंतर तोलावा, तर घटलेल्या वजनात नुसतं उडून गेलेलं पाणीही असतं.

म्हणून युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटीने २०१७ मध्ये निकाल पोहोचलेल्या मात्रेवर द्यायला सांगितलं. ४०० मायक्रोग्रॅमपर्यंत घट नाही, तर नॉर्मल.

चाचणीच्या दिवशी आम्ही टेक्निशियनला विचारलं, "भाई, रिपोर्टात मात्रा लिहिता की तीव्रता?" तो हसला. "मात्रा, सर. यंत्राचा फवारा मोजूनच."