नखांवरची खतावणी

नागपूरहून मुंबईकडे जाताना लागणाऱ्या शेगावच्या परिसरातील बोंडगाव, कालवड आदी गावांत २०२४च्या अखेरीस लोकांचे केस झपाट्याने गळू लागले. काहींना काही दिवसांतच टक्कल पडले. ती चर्चा ओसरली आणि एप्रिल २०२५मध्ये त्यांच्यापैकी कित्येकांची नखे विद्रूप होऊन गळाली. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी तपासणीअंती शिधावाटपाच्या गव्हातील सेलेनियमच्या अतिप्रमाणाकडे बोट दाखविले. हे द्रव्य शरीरास हवेच, परंतु अत्यल्प. असा गहू दिसायला मात्र निर्मळच असतो, हे धान्यव्यापाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

नखांना एवढा विलंब का लागला? हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते. ते पूर्ण बदलण्यास साधारण सहा महिने लागतात. मुळाशी झालेली इजा वर येऊन दिसेपर्यंत काही महिने सहज लोटतात. जुन्या खतावणीत मागील तारखेची उधारी सापडावी, तसेच हे. फ्रेंच वैद्य बो यांनी १८४६मध्येच मोठ्या आजारानंतर नखांवर उमटणाऱ्या आडव्या खाचांचे वर्णन केले. खाच मुळापासून ६ मिलिमीटरवर असेल, तर आजार सुमारे दोन महिन्यांपूर्वीचा समजावा.

आपल्या घरांत अधिक आढळणारी नोंद वेगळीच आहे. नख मध्यभागी चमच्यासारखे खोलगट झाले, त्यावर पाण्याचा थेंब ठरू लागला, तर लोहाच्या कमतरतेची शंका घ्यावी. विशेषतः स्त्रियांनी. शाकाहारात लोह असते, परंतु जेवणालगतच्या चहाने त्याचे शोषण घटते, लिंबाने वाढते. बी-१२ जीवनसत्त्व वनस्पतींतून जवळजवळ मिळत नाही, दूधदह्यातून काही अंशी मिळते. त्याच्या उणिवेने नखे काळवंडू शकतात. दोन्हींचा निवाडा रक्ततपासणीच करील. पांढरे ठिपके दिसताच कॅल्शियमच्या गोळ्या सुरू करणे मात्र व्यर्थ; ते बहुधा किरकोळ मारामुळे उमटतात.

आणखी एक परीक्षा घरबसल्या होते. दोन्ही हातांची समान बोटे नखांकडून एकमेकांस टेकवावीत. नखांच्या मुळांशी चौकटच्या आकाराची फट दिसली पाहिजे. ती बुजून बोटांची टोके फुगीर झाली असतील, तर फुप्फुसे वा हृदय तपासून घ्यावे. एकाच नखावर नव्याने उमटून रुंदावणारी काळी उभी रेघ असल्यास त्वचारोगतज्ज्ञाकडे जाण्यास विलंब करू नये, आणि जाताना नेलपॉलिश पुसून जावे.