मोबाईल हँग झाला? रिसेट मारण्याची घाई करू नका!

मुलांच्या स्कॉलरशिपचा ओटीपी मोबाईलवर येतो. बँकेचा व्यवहार मोबाईलवर होतो. आखाती देशात नोकरीला असलेल्या अब्बूंशी बोलणेही त्याच्यावरच होते. असा फोन अचानक 'हँग' झाला, स्क्रीनवर बोट फिरवले तरी काहीच हलेना, की घरात धावपळ सुरू होते. कोणी म्हणतो बॅटरी गेली, कोणी म्हणतो आता नवीनच घ्या. आणि एखादा हुशार भाचा सांगतो, "खाला, रिसेट मारा, लगेच चालू होईल!"

रिसेटने फोन बऱ्याचदा चालू होतो, हे खरे. पण आतले फोटो, मेसेज, नंबर सगळे पुसले जाते. म्हणून आमचे पालकांना एकच सांगणे असते : ज्या उपायाने काही पुसले जात नाही तो आधी करा, पुसणारा उपाय सर्वात शेवटी.

फोन हँग का होतो?

मुलांना आम्ही हे टेबल आणि कपाटाच्या उदाहरणाने समजावतो. फोनमधली 'रॅम' म्हणजे काम करायचे टेबल आणि 'स्टोरेज' म्हणजे सामान ठेवायचे कपाट. एकाच वेळी खूप ॲप उघडली की टेबलावर जागा उरत नाही. कपाट गच्च भरले की नवीन वस्तू ठेवायला जागा मिळत नाही. दोन्ही वेळा काम अडते. याशिवाय एखादे बिघडलेले ॲप, जुने सॉफ्टवेअर किंवा जास्त गरम झालेला फोन हीसुद्धा कारणे असतात. म्हणजे हँग झालेला फोन दर वेळी खराब झालेला असतोच असे नाही.

पहिले काम : थांबा आणि रिंग द्या

एक-दोन मिनिटे थांबा. सारखी बटणे दाबू नका. मग दुसऱ्या फोनवरून त्या नंबरवर कॉल करा. रिंग वाजली पण स्क्रीन काळीच राहिली, तर फोन आतून चालू आहे आणि बिघाड बहुधा डिस्प्लेचा आहे. अशा वेळी रिसेटचा काही उपयोग नाही. डिस्प्ले दुरुस्त करून घ्यावा लागेल, आणि आतला डेटा सहसा सुरक्षित असतो.

दुसरे काम : जबरदस्तीने रीस्टार्ट

आता बहुतेक फोनची बॅटरी बाहेर काढता येत नाही, म्हणून बटणांचा उपाय आहे. याने फोटो किंवा मेसेज पुसले जात नाहीत.

• बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये पॉवरचे बटण सुमारे ३० सेकंद दाबून धरा.
• सॅमसंगमध्ये पॉवर आणि आवाज कमी करायचे बटण एकत्र, ७ सेकंदांपेक्षा जास्त वेळ दाबा. इतर काही कंपन्यांच्या फोनमध्येही हीच जोडी चालते. कंपनीचा लोगो दिसला की बोटे काढा.
• आयफोन ८ आणि त्यानंतरच्या मॉडेलमध्ये आवाज वाढवायचे बटण दाबून लगेच सोडा, मग आवाज कमी करायचे दाबून लगेच सोडा, आणि नंतर बाजूचे बटण ॲपलचा लोगो येईपर्यंत धरून ठेवा.

कधी कधी बटणे दाबताना काळ्या स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांची यादी येते. घाबरू नका. त्यातले 'रिबूट सिस्टम नाऊ' निवडा. त्याच यादीत 'वाइप डेटा' किंवा 'फॅक्टरी रिसेट' असते, त्याला हात लावू नका. व्हिडिओ बघून मुले नेमके तेच दाबतात आणि नुकसान होते.

तरीही चालू होत नसेल तर

बॅटरी पूर्ण उतरलेली असू शकते. दुसरा चार्जर आणि दुसरी वायर लावून तासभर तसाच ठेवा. फोन तापला असेल तर चार्जिंग काढा, कव्हर काढा आणि सावलीत ठेवा. फ्रिजमध्ये ठेवू नका. फोन भिजला असेल तर तांदळात घालू नका, तांदळाचे बारीक कण आत जातात. आणि मागची बाजू फुगलेली दिसली तर बॅटरी फुगली आहे असे समजा. तो फोन चार्ज करू नका, दाबू नका, थेट दुरुस्तीला न्या.

चालू झाला, आता कारण शोधा

सेटिंग्जमध्ये जाऊन स्टोरेज बघा. १० टक्क्यांपेक्षा कमी जागा उरली असेल तर अँड्रॉइड फोन अडायला लागतो. आपल्या घरांत ही जागा कशाने भरते, ते सांगायला नको! दर जुम्म्याला 'जुम्मा मुबारक'ची चित्रे, ईदला शेकडो व्हिडिओ, चार-पाच फॅमिली ग्रुप. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' आणि मग 'मॅनेज स्टोरेज' उघडा. मोठ्या आणि वारंवार फॉरवर्ड झालेल्या फाइल वेगळ्या दिसतील. नको त्या काढून टाका. तिथेच ऑटो डाउनलोडही बंद करता येते.

एक फरक लक्षात ठेवा. एखाद्या ॲपचे 'क्लिअर कॅशे' केले तर फक्त तात्पुरत्या फाइल जातात. 'क्लिअर डेटा' किंवा 'क्लिअर स्टोरेज' केले तर त्या ॲपमधली आपली माहितीही जाते.

नवीन ॲप घेतल्यापासून फोन हँग होत असेल तर ते ॲप काढा. लग्नाची पत्रिका, गाडीचे चलन किंवा सरकारी योजना अशा नावाने मेसेजमधून आलेली 'एपीके' फाइल कोणी उघडली असेल तर जास्त सावध राहा. लगेच इंटरनेट बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार द्या.

रिसेट आणि दुकान

आमच्या शाळेतल्या एका मुलीच्या घरचा फोन दुकानातून तासाभरात चालू होऊन आला, पण रिसेट होऊन. तिच्या मरहूम दादींचे व्हॉइस मेसेज त्यातच होते, दुसरीकडे कुठेच नव्हते. पैसे देऊनही ते परत मिळाले नाहीत.

म्हणून फोन दुकानात देताना स्पष्ट सांगा, "आम्हाला विचारल्याशिवाय रिसेट करू नका." सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. पिन लिहून देऊ नका, गरज पडली तर समोर उभे राहून स्वतः टाका. मुली-बायकांचे फोटो, बँकेची ॲप आत असतात, ही घरची अमानत आहे. सॅमसंगच्या बऱ्याच नव्या फोनमध्ये 'मेंटेनन्स मोड' असतो. तो चालू केला की दुरुस्ती करणाऱ्याला आपले फोटो आणि मेसेज दिसत नाहीत.

रिसेट करावाच लागला तर आधी गुगल खात्याचा ईमेल आणि पासवर्ड पाठ आहे ना, ते तपासा. काळ्या स्क्रीनवरच्या यादीतून रिसेट केल्यावर फोन तेच जुने खाते मागतो. ते आठवले नाही तर चालू झालेला फोनही वापरता येत नाही.

आजच करायचे काम

हे सगळे फोन चांगला असतानाच करून ठेवावे. व्हॉट्सॲपमध्ये 'चॅट बॅकअप' चालू करा. गुगलच्या एका खात्यावर १५ जीबी जागा मोफत मिळते, महत्त्वाचे फोटो आणि कागदपत्रे तिथे ठेवा. घरातल्या बुजुर्गांचे आवाज आणि फोटो दुसऱ्या एखाद्या फोनवर किंवा पेनड्राइव्हवरही घ्या. अम्मी-अब्बांना हे जमत नसेल तर मुलांनी शेजारी बसून, न चिडता करून द्यावे. आणि चार-पाच महत्त्वाचे नंबर वहीत हाताने लिहून ठेवा. फोन बंद पडला तर ते वहीतूनच मिळतील.