अथेन्सचा नागरिक आणि परळचा गिरणी कामगार

लोकशाही ग्रीकांनी दिली, असं शाळेपासून कानावर पडतं. म्हणून अथेन्समध्येही दर काही वर्षांनी निवडणुका होत असतील, असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात तिथली बहुतेक पदं चिठ्ठीनं भरत. उभ्या दगडी पाटीवर खाचांच्या ओळी, प्रत्येक खाचेत एकेका इच्छुकाच्या नावाची पट्टी आणि बाजूच्या नळीतून घरंगळणारे काळे-पांढरे गोळे. पांढरा आला की अख्खी ओळ निवडली जाई, काळा आला की बाद. गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडा काढते तशी ही सोडतच. सेनापती मात्र हात वर करून निवडत. निवडणुकीत धनवंतांचं फावतं, म्हणून अॅरिस्टॉटल तिला मूठभरांच्या राज्याचं लक्षण मानतो.

अथेन्सचा प्रत्येक रहिवासी नागरिक होता, हा दुसरा गैरसमज. स्त्रिया आणि गुलामांना मत नव्हतंच. शिवाय इ. स. पू. 451 मध्ये पेरिक्लीसनं कायदा केला: आई आणि वडील दोघंही अथेन्सचे हवेत. बाहेरून आलेला पुरुष वर्षाला 12 द्राख्मा कर भरी, सैन्यात लढे, तरी उपराच राही. नागरिक कोण याची व्याख्या करणारा अॅरिस्टॉटल स्वतः स्टॅगिराचा. अथेन्समध्ये त्यालाही मत नव्हतं.

हा नियम मुंबईला लावला, तर रत्नागिरी-साताऱ्याहून लालबाग-परळच्या गिरण्यांत आलेल्यांची मुलंनातवंडंही उपरीच ठरतील.

पण मत फक्त श्रीमंतांना, हा आरोप अथेन्सवर करता येत नाही. जन्मानं नागरिक असलेला गरीब वल्हेकरीही सभेत मत देई. पैशाची अट होती ती मुंबईत! 1888 च्या कायद्यानं महापालिकेत 72 सदस्य आले, त्यांतले 36 करदाते निवडत. साच्यावर राबणारा, चाळीतल्या एका खोलीत दहाजणांबरोबर राहणारा कामगार त्या करदात्यांत बसतच नव्हता.

परळच्या बीआयटी चाळीत वर्षानुवर्षं राहिलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 27 जानेवारी 1919 रोजी मताधिकाराची चौकशी करणाऱ्या साऊथबरो समितीपुढे हा प्रश्न मांडला. पुढे सायमन आयोगाच्या वेळी त्यांनी थेट प्रौढ मताधिकार मागितला. निरक्षरांना मत कशाला, या आक्षेपाला त्यांचं उत्तर होतं, की निरक्षर म्हणजे बुद्धिहीन नव्हे. हे उत्तर आजही तितकंच खणखणीत आहे.

मुंबई महापालिकेची प्रौढ मताधिकारावरची पहिली निवडणूक 1948 साली झाली. कर किती भरता, हा प्रश्न त्या दिवशी मतदाराला लागू नव्हता.