धुराचा हिशेब : एकके आणि त्यांचे रूपांतर

पीयूसीचा कागद बहुतेक घरांत असतो. त्यावरील आकडे मात्र क्वचितच कोणी वाचतो. पेट्रोल गाडीच्या कागदावर कार्बन मोनॉक्साइड टक्क्यांत आणि हायड्रोकार्बन पीपीएममध्ये असते. डिझेल जनित्रांची मानके ग्रॅम प्रति किलोवॅट-तास या एककात असतात, तर धुराड्याच्या तपासणी अहवालात मिलिग्रॅम प्रति घनमीटर आढळते. १९५६ च्या वजनमापे कायद्यापूर्वी गावोगावचा शेर निराळा होता. शेर कोणता, हे विचारल्याखेरीज भाव कळत नसे. धुराच्या आकड्यांचेही तसेच आहे.

पीपीएम म्हणजे दहा लाख भागांतील एक भाग. म्हणून १ टक्का म्हणजे १०,००० पीपीएम. हे प्रमाण आकारमानाचे आहे. ते वजनात आणण्यासाठी पीपीएमला वायूच्या रेणुभाराने गुणून, २५ अंश सेल्सिअस व एक वातावरण दाबाला, २४.४५ ने भागावे. कार्बन मोनॉक्साइडचा रेणुभार २८. त्यामुळे त्याचे १०० पीपीएम म्हणजे सुमारे ११५ मिलिग्रॅम प्रति घनमीटर. शून्य अंशाला भाजक २२.४ होतो आणि उत्तर १२५ येते. धूर तोच, आकडे दोन. म्हणून अहवालात तापमान लिहिलेले आहे का, हे आधी पाहावे. नायट्रोजन ऑक्साइडांत आणखी एक मेख आहे. इंजिनातून मुख्यतः नायट्रिक ऑक्साइड (रेणुभार ३०) बाहेर पडतो, पण प्रघाताने त्याची गणना नायट्रोजन डायऑक्साइड (रेणुभार ४६) म्हणून होते. त्यामुळे २५ अंशाला १०० पीपीएमचे १२३ नव्हे, १८८ मिलिग्रॅम धरले जातात.

धुराड्याशेजारी राहणाऱ्या वस्तीने सर्वाधिक लक्ष द्यावे ते ऑक्सिजनच्या दुरुस्तीकडे. धुरात बाहेरची हवा मिसळली की आकडा उतरतो, विष मात्र तेवढेच राहते. म्हणून मोजलेले प्रमाण ठरावीक ऑक्सिजनवर, मोठ्या जनित्रांसाठी १५ टक्क्यांवर, आणतात. त्यासाठी मोजलेल्या आकड्याला (२०.९ − १५) ने गुणून (२०.९ − मोजलेला ऑक्सिजन) ने भागतात. समजा, ऑक्सिजन १२ टक्के असताना ३०० मिलिग्रॅम आढळले; दुरुस्तीनंतर १९९ होतात. आता त्या धुरात तेवढीच हवा मिसळली, तर यंत्र १५० दाखवील, पण ऑक्सिजनही १६.४५ टक्के होईल. सूत्र लावताच उत्तर पुन्हा १९९! ज्या अहवालात ऑक्सिजनचा रकाना कोरा आहे, त्यातील कमी आकड्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

ग्रॅम प्रति किलोवॅट-तास काढण्यासाठी धुराचा प्रवाह आणि इंजिनाची शक्ती हवी. मिलिग्रॅम आणि प्रवाह एकाच तापमानाचे, कोरड्या धुराचे आणि दुरुस्तीपूर्वीचे असावेत. घनमीटरला ६०० मिलिग्रॅम व ताशी १५० घनमीटर धूर म्हणजे ताशी ९० ग्रॅम. शक्ती ३० किलोवॅट असेल तर ३ ग्रॅम प्रति किलोवॅट-तास. मानकाची चाचणी मात्र वेगवेगळ्या भारांवर घेऊन सरासरी काढते, एका भारावरचा आकडा तिच्याशी थेट ताडता येत नाही.

पीयूसीच्या पीपीएमवरून ग्रॅम प्रति किलोमीटर निघत नाहीत, कारण तेथे प्रवाहही मोजत नाहीत आणि अंतरही नाही. डिझेल गाडीच्या कागदावरील ‘के’ तर वायूचे प्रमाणच नव्हे. धूर किती प्रकाश अडवतो, एवढेच तो सांगतो.